वीस हजारांत जुना डेस्कटॉप: ग्राफिक कार्ड राहू द्या, आधी डिस्क बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दारव्हा तालुक्यातल्या गावात एक ताई ऑनलाइन सेवा केंद्र चालवतात. दाखले, पीक विम्याचे फॉर्म, पॅनकार्ड, पासपोर्ट फोटो ही रोजची कामं. लग्नसराईत आणि निवडणुकीत फ्लेक्सची डिझाइनही करून देतात, छपाई यवतमाळला. संगणक आय३-४१३० (इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर), एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १० असा आहे. सुरू व्हायला सहा-सात मिनिटं घेतो, फोटोशॉपमध्ये अडकतो, उन्हाळ्यात दुपारी आपोआप बंदही पडतो. नागपूरला शिकणारा भाचा म्हणतो, ग्राफिक कार्ड टाक. दुकानदार म्हणतो, त्याच बोर्डावर आय७ बसवून देतो. हाताशी वीस हजार आहेत.

ताई, ग्राफिक कार्ड की प्रोसेसर, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या त्रासाला या दोन्हींपैकी एकही औषध नाही. मशीन हळू चालतं ते डिस्क आणि रॅममुळे. दुपारी बंद पडतं ते उष्णतेमुळे किंवा विजेमुळे. तिसरी अडचण तुम्ही लिहिली नाही, पण तीच सगळ्यात मोठी आहे: विंडोज १० ला नेहमीची अपडेट मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. पैसे मात्र एकच वीस हजार आहेत, म्हणून कुठला रुपया पुढच्या मशीनमध्ये सोबत येईल आणि कुठला या जुन्या बोर्डासोबत भंगारात जाईल, हे आधी बघायचं. एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क), यूपीएस, मॉनिटर सोबत येतात. तुमच्या बोर्डाची जुन्या प्रकारची डीडीआर-३ रॅम आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर येत नाहीत.

काही विकत घेण्याआधी दहा मिनिटांची एक तपासणी करा. मशीन नेहमीसारखं कामाला लावा, म्हणजे ब्राउझरचे पाच-सहा टॅब, फोटोशॉप, व्हॉट्सॲप वेब. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सचं पान बघा. माझा अंदाज असा की मेमरी नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल, डिस्क शंभरला टेकलेली असेल आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, तीस-चाळीसवर आरामात बसलेला असेल. तसं असेल तर आय७ टाकून काय होणार? आत्ताच रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरच्या जागी आणखी मोठा प्रोसेसर रिकामा बसेल. उलट सीपीयूच सतत शंभरवर असेल आणि डिस्क शांत असेल, तर माझं पुढचं म्हणणं थोडं बदलेल. पण आधी व्हायरस किंवा अडकलेलं अपडेट आहे का ते तपासा.

कारण साधं आहे. विंडोजला क्षणोक्षणी हजारो छोट्या फाइल लागतात. फिरत्या हार्ड डिस्कला प्रत्येक वेळी तबकडी फिरवून सुई त्या जागी न्यावी लागते, त्यामुळे सेकंदाला शंभराच्या आगेमागे नोंदीच ती गाठू शकते. एसएसडीत फिरणारं काही नसतं, साधी साटा एसएसडीसुद्धा (साटा म्हणजे हार्ड डिस्कचीच नेहमीची जोडणी) हे काम सेकंदाला हजारोंनी करते. त्यात रॅम चारच जीबी. ती भरली की विंडोज उरलेला माल डिस्कवर उतरवतं आणि लागेल तेव्हा परत चढवतं, म्हणजे आधीच दमलेल्या बैलावर दुप्पट ओझं.

फ्लेक्सचा हिशेबही करून बघा. दहा बाय सहा फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला, म्हणजे इंचाला ७२ ठिपके धरून, केला तर चित्र ८,६४० बाय ५,१८४ पिक्सेलचं होतं, म्हणजे जवळपास साडेचार कोटी पिक्सेल. आरजीबीमध्ये भरलेला एक थर साधारण १३० एमबी घेतो, छपाईच्या चार रंगांत, म्हणजे सीएमवायकेमध्ये, १८० च्या घरात. नेत्यांचे फोटो, मागची चित्रं आणि सावल्या मिळून बारा-पंधरा थर झाले, वर फोटोशॉप मागच्या पायऱ्याही लक्षात ठेवतं. चार जीबीत विंडोजनंच दोन-अडीच खाल्लेले असतात. ग्राफिक कार्ड इथे कुठेच येत नाही. बाजारात स्वस्तात मिळतात ती जीटी ७१० किंवा जीटी ७३० ही कार्डं तुमच्या प्रोसेसरमधल्या आतल्या ग्राफिक्सपेक्षा फार पुढची नाहीत, आणि त्यांच्या पिढीला नवे नियमित ड्रायव्हर देणं २०२१ मध्येच थांबलंय. त्याहून मोठी कार्डं एवढ्या पैशांत जुनी मिळतात, पण त्यात नाव बदललेली बनावट कार्डंही फिरतात. विकत घेणाराला ‘चार जीबी’ दिसतं, आतली चिप दहा-बारा वर्षांपूर्वीची निघते. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम नसेल तर भाच्याला सांगा, पुढच्या खेपेस बघू.

आय७ बद्दल. एच८१ बोर्डावर आय७-४७७० बसतो, दुकानदार खोटं बोलत नाही. पण तुमचा आय३ ५४ वॅटचा आहे, तो आय७ ८४ वॅटचा. उन्हाळ्यात आधीच बंद पडणाऱ्या मशीनला आणखी तीस वॅटची शेगडी कशाला? शिवाय त्यानंतरही विंडोज ११ ची अडचण तशीच राहते, आणि प्रोसेसर दुसऱ्या कुठल्याही पिढीच्या बोर्डावर जाणार नाही.

विंडोजचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या हातात लोकांचे आधार, बँक तपशील आणि तुमची डिजिटल सही आहे. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचा, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी). व्यक्तिगत वापराच्या विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टनं सुरक्षा अपडेटची वाढीव सोय ठेवली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करता येते. नियमाला बगल देऊन जुन्या मशीनवर विंडोज ११ बसवून देणारे पुष्कळ भेटतील. ते चालतंही. पण पुढचं मोठं अपडेट मिळेलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि महिनाअखेरीस दाखल्यांची रांग लागलेली असताना तो प्रयोग नको. घरच्या मुलांच्या अभ्यासाचं मशीन असतं तर मी एवढं ताणून धरलं नसतं.

म्हणून माझा सल्ला: दोन कामं दोन मशीनवर वाटा. ऑनलाइन कामासाठी आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा वापरलेला कंपनी डेस्कटॉप घ्या, आणि जुनं मशीन थोडक्यात सुधारून फक्त डिझाइनसाठी, इंटरनेट न जोडता ठेवा. तुमची कोरलड्रॉची जुनी आवृत्ती, मराठी फॉन्टची सॉफ्टवेअरं, त्यांचे डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लागणारी यूएसबी चावी) असं सगळं त्या मशीनवर बसलेलं असेल. नव्या मशीनवर ते पुन्हा चालू करणं ही वेगळी डोकेदुखी असते, ती टळते. एक मशीन बंद पडलं तर दुसऱ्यावर दुकान चालू राहतं, हा फायदा गावात फार मोठा आहे.

नवीन सुटे भाग घेऊन मशीन का नको? वीस हजारांत ते तोकडं पडतं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, एसएसडीचेही त्यामागे. त्यामुळे आत रॅम असलेलं वापरलेलं मशीन आज सुट्या भागांपेक्षा बऱ्याचदा फायद्यात पडतं. बजेट तीस-पस्तीसपर्यंत वाढणार असेल तर दोन रस्ते आहेत: रायझन ५ ५६००जी सोबत ए५२० किंवा बी५५० बोर्ड, नाहीतर आय३-१२१०० सोबत एच६१० बोर्ड. दोन्हींत आतले ग्राफिक्स आहेत. आय३-१२१००एफ मात्र घेऊ नका. शेवटचं एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाहीत, आणि मग पडद्यावर काही दिसायलाच कार्ड घ्यावं लागतं. दुकानात एफवाला थोडा स्वस्त सांगतात, लोक तिथेच फसतात. एच६१० घेताना तो डीडीआर-४ वाला आहे की डीडीआर-५ वाला, हे डब्यावर वाचा. दोन्ही मिळतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात जात नाही.

आणखी एक सापळा. ‘नवा असेंबल्ड पीसी, आय५, १६ जीबी, एसएसडी, बारा हजार’ अशा जाहिराती येतात. कॅबिनेट नवं चकचकीत, आत रंगीत पंखे, बोर्ड नव्यानं बनवलेला एच६१ किंवा एच८१, आणि प्रोसेसर मात्र जुन्या मशीनमधून काढलेला दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या पिढीचा. म्हणजे तुमच्याच मशीनचा सख्खा किंवा थोरला भाऊ. नुसतं ‘आय५’ ऐकून काही कळत नाही, पुढचा आकडा विचारा. आय५-३४७० म्हणजे तिसरी पिढी, ६५०० सहावी, ७५०० सातवी, ८५०० आठवी, आणि पाच आकडी असेल तर पहिले दोन: १०४०० म्हणजे दहावी. तुम्हाला आठपासून पुढे हवं. सहावी-सातवीची मशीनं दिसायला तंतोतंत तशीच असतात आणि स्वस्तही, पण विंडोज ११ च्या यादीत नाहीत.

वापरलेल्यांत डेलची ऑप्टिप्लेक्स, एचपीची प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोव्होची थिंकसेंटर ही मोठ्या कार्यालयांतून निघालेली मशीनं मिळतात. आय५-८५०० मध्ये सहा कोर आहेत, तुमच्या कामाला भरपूर. पेटीचा आकार मात्र जपून निवडा. पातळ, छोटी पेटी जागा कमी घेते पण तिचा वीजपुरवठा खास त्या कंपनीचा असतो. तो जळाला तर दारव्ह्यात किंवा दिग्रसला मिळणारा साधा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) त्यात बसत नाही, आणि तुम्ही आठवडाभर नागपूरच्या सीताबर्डीकडे डोळे लावून बसता. उभ्या टॉवर पेटीतही काही मॉडेलांना बोर्डाची वायर वेगळी असते, पण निदान ॲडॉप्टर वायर लावून काम निभावता येतं. दोन्ही मिळत असतील तर टॉवर घ्या, हजार रुपये जास्त गेले तरी.

पैसे देण्याआधी दुकानातच मशीन चालू करून हे बघा. बायोसला (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगला) पासवर्ड नको. कार्यालयाचा पासवर्ड तसाच राहिला तर तो काढणं कटकटीचं. टीपीएम चालू आहे का आणि २.० आहे का, ते रनमध्ये टीपीएम डॉट एमएससी टाकून दिसतं. विंडोज ॲक्टिव्ह आहे का ते सेटिंगमध्ये. रॅम एकाच पट्टीत आहे की दोन, आणि खाचा किती मोकळ्या. आतल्या ग्राफिक्सला रॅमच वापरावी लागते, त्यामुळे एका ८ जीबीपेक्षा ४-४ च्या दोन पट्ट्या जास्त चपळ चालतात. पण पुढे १६ करायचे तर एक ८ ची आणि एक मोकळी खाच सोयीची. मी तुमच्या जागी दुसरं निवडेन. मग डिस्कची तब्येत, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. सगळे यूएसबी पोर्ट पेनड्राइव्ह लावून एकेक तपासा, पुढचे दोन बहुधा मेलेले असतात. कीबोर्ड, माउस, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, वेबकॅम, प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे तुम्हाला सात पोर्ट एकाच वेळी लागतात. ठसायंत्र आणि टोकन थेट मागच्या पोर्टला लावा, स्वस्त हबवर ते मधूनच हरवतात आणि दोष सर्व्हरवर जातो.

मॉनिटरची वायर विसरू नका. तुमच्या जुन्या मॉनिटरला व्हीजीए असेल. या कंपनी मशीनांना बहुतेक वेळा डिस्प्लेपोर्ट असतं, व्हीजीए नसतंही. डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए असा ॲडॉप्टर सोबतच घ्या आणि दुकानातच लावून बघा, नाहीतर घरी येऊन मशीन चालू पण पडदा काळा. तसंच तुमच्या प्रिंटरचा विंडोज ११ साठीचा ६४ बिटचा ड्रायव्हर आणि ठसायंत्राची आरडी सेवा (आधारसाठी ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) कंपनीच्या संकेतस्थळावर आहे का, हे मशीन घेण्याआधी बघा, नंतर नाही.

आता पैशांची वाटणी. भाव आठवड्या-आठवड्याला हलतात, म्हणून हे वरचे आकडे समजा: मशीनला चौदा हजारांच्या आत, तीनेक हजार नव्या एसएसडीला, उरलेले तीन हजार विजेच्या बाजूला आणि जुन्या मशीनच्या रॅमला आणि प्रोसेसरवरच्या पेस्टला. मशीन चौदाच्या वर जात असेल तर एसएसडी थांबवा, वीज थांबवू नका. आणि आठवीचं बरं मशीन मिळतच नसेल, तर आत्ता फक्त जुन्याला एसएसडी आणि रॅम टाका, वाढीव अपडेटची नोंदणी करा आणि उरलेले पैसे बांधून ठेवा. घाईनं सातवीचं उचलू नका.

नवी एसएसडी ४८० ते ५१२ जीबीची घ्या. २४० चालते, पण फ्लेक्सच्या फाइलांनी लवकर भरते, आणि एसएसडी गच्च भरली की मंदावते. पाचवा हिस्सा मोकळा असावा. एम.२ आकाराची पातळ पट्टी घेताना तुमच्या मशीनची खाच एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणी) चालवते की साटा, ते विचारा. दिसायला दोन्ही जवळपास सारख्या. जुन्या एच८१ बोर्डाला एम.२ च्या भानगडीत न पडता अडीच इंची साटा एसएसडीच लागते. ही नवी एसएसडी मुख्य मशीनला द्या, आणि त्या मशीनसोबत आलेली छोटी डिस्क साटा असेल आणि तब्येत चांगली असेल तर ती जुन्याला. अशी अदलाबदल केली तर एकाच खरेदीत दोन्ही मशीनं सुधारतात. पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.

जुन्या मशीनवर एसएसडी बसवताना जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर दहा वर्षांचा कचराही सोबत येतो. पण तुमच्याकडे सॉफ्टवेअर पुन्हा ॲक्टिव्ह होण्याची खात्री नसेल, तर इथे नक्कलच बरी. नक्कल करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये जुनी डिस्क बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ किंवा ‘रीॲलोकेटेड सेक्टर’ समोर पिवळा रंग असेल तर आधी फाइली दुसरीकडे काढून घ्या, नक्कल अर्ध्यावर अडकू शकते. एच८१ वर सहसा चार साटा पोर्ट असतात, त्यांतले दोनच वेगवान. बोर्डावर त्यांचा रंग वेगळा असतो किंवा बाजूला ‘साटा ६जी’ असं छापलेलं असतं. एसएसडी त्यात लावा. बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआय (नवी पद्धत) असावा, पण तो आधीपासून आयडीई (जुनी पद्धत) असेल तर नक्कल केलेलं विंडोज मोड बदलताच निळा पडदा दाखवेल. मग आहे तसाच ठेवा, किंवा मोड बदलून विंडोज नव्यानं टाका.

रॅममध्ये एक बारीक फसवणूक आहे. डीडीआर-३ ची ८ जीबीची पट्टी कुठे फारच स्वस्त दिसली तर ती ‘फक्त एएमडीसाठी’ची असू शकते, इंटेलच्या बोर्डावर ती चालत नाही. तुमच्यासाठी ४ जीबीची वापरलेली, १६०० वेगाची दुसरी पट्टी पुरे. लॅपटॉपची आखूड पट्टी नव्हे, डेस्कटॉपची लांब. १.५ व्होल्ट आणि १.३५ व्होल्ट या दोन्ही या बोर्डावर चालतात. बसवल्यावर बीप-बीप वाजून पडदा काळा राहिला तर घाबरू नका: दोन्ही पट्ट्या काढा, सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबरानं हलके पुसा, रबराचा भुगा झटका आणि दोन्ही कडांचा ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवा.

दुपारी बंद पडण्याकडे येऊ. लाइट जाऊन आल्यासारखं झटक्यात बंद होऊन लगेच आपोआप चालू होत असेल, तर संशय विजेवर किंवा एसएमपीएसवर. बंद पडून पाच-दहा मिनिटं चालूच होत नसेल आणि मग होत असेल, तर उष्णतेवर. एचडब्ल्यूमॉनिटर नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालू ठेवा. काम करताना प्रोसेसर नव्वदच्या वर जात असेल तर उत्तर मिळालं. बाहेर ४५ अंश आणि वर टिनाचं छत असेल तर खोलीच ४० ला असते, त्यात प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर (गार ठेवणारा पंखा-जाळी) यांच्यामधली दहा वर्षांपूर्वीची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. ती खरवडून नवी लावा, मधोमध मटारच्या दाण्याएवढी पुरे. इंटेलच्या पंख्याला प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात. त्यातली एकजरी नीट बसली नाही तर मशीन पहिल्यापेक्षा लवकर तापतं. पेस्ट बदलल्यानंतर ‘आता तर आणखीच बंद पडतंय’ या तक्रारीमागे बहुधा तीच खुंटी असते. बोर्ड उलटून मागून चारही खुंट्यांची टोकं बाहेर आलीत का बघा.

धुळीचं आपल्याकडे वेगळं आहे. कापूस निघायला लागला की रुईचे बारीक तंतू पंख्याच्या पात्यांमागे, कूलरच्या जाळीत गादीसारखे बसतात, आणि सोयाबीन-तुरीच्या मळणीत कुटाराची पूड त्यावर चिकटते. वर्षातून दोनदा, एकदा मळणीनंतर आणि एकदा मार्चअखेर, साफ करा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, सुसाट फिरू दिला तर बेअरिंग जातं. पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरची हवा मारू नका, त्यातून पाणी आणि तेल येतं. आणि पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. माणसाला गार वाटतं, पण त्या ओल्या हवेत खारं पाणी असतं. रॅमच्या टोकांवर आणि पोर्टवर पांढरा-हिरवा थर चढतो. कूलर खोलीत असू द्या, मशीन त्याच्या तोंडासमोर नको.

आता विजेची बाजू. सगळ्यात आधी अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलंय. एसएमपीएसमधले कपॅसिटर थोडी वीज पत्र्यावर सोडतात, ती जमिनीत जायला वाट नसली की पत्रा शंभरेक व्होल्टवर तरंगत राहतो. ठसायंत्र आणि प्रिंटरचे यूएसबी पोर्ट ‘उगाच’ जळण्यामागे हे कारण पुष्कळदा असतं. वायरमनकडून मल्टिमीटर लावून घ्या: न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या आत हवं, फेज आणि अर्थमध्ये फेज-न्यूट्रलइतकंच. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा अर्थिंगच्या पाइपभोवतीची मातीच सुटते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरा आणि मार्चपासून पावसापर्यंत आठवड्याला बादलीभर पाणी ओतत राहा. याला यूपीएसपेक्षा कमी पैसे लागतात आणि याच्याशिवाय यूपीएस अर्धाच कामाचा.

यूपीएस आहे की नाही हे तुम्ही लिहिलं नाही. असेल आणि लाइट जाताच बंद होत असेल तर नवा घेऊ नका, आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बदला. ती साधारण दोन-तीन वर्षंच चालते, आपल्या उन्हात त्याहून कमी. नसेल तर ६०० व्हीएचा पुरे. त्यावर एक मशीन आणि मॉनिटर दहा-पंधरा मिनिटं तगतात, म्हणजे फॉर्म जतन करून बंद करण्यापुरते. त्यावर लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्स मशीन कधीही लावू नका. कागद तापवताना प्रिंटर क्षणभर सात-आठशे वॅट ओढतो आणि ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅटचा. प्रिंट दिली की संगणक रिस्टार्ट होतो अशी तक्रार याचीच. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवत असाल तर मागचं बटण ‘यूपीएस मोड’वर ठेवा, म्हणजे लाइट गेल्यावर तो वेळेत बदलतो. फक्त त्या मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की तो बॅटरीवर जातो, आणि रब्बीत सगळे पंप एका डीपीवर सुरू झाले की हे रोज होतं. मग बॅटरी दिवसभर झिजते. तिथे आधी स्टॅबिलायझर लागेल.

जूनच्या पहिल्या गडगडाटाला नुसता प्लग काढून भागत नाही, छतावरच्या अँटेनातून किंवा फायबरच्या डब्यातून येणारी लॅनची वायरही काढा. बोर्डावरचं लॅन पोर्ट जातं ते बहुधा त्याच वाटेनं.

राहिली जुनी हार्ड डिस्क. दुकानदार ती ‘एक्सचेंज’मध्ये मागेल, चार-पाचशे रुपये वजाही करेल. देऊ नका. तिच्यात गावातल्या निम्म्या लोकांचे आधार, सातबारा, पासबुकं आहेत, आणि साधं फॉरमॅट केल्यानं ते पुसले जात नाहीत, फुकटच्या सॉफ्टवेअरनं परत निघतात. हवा तो माल दोन ठिकाणी उतरवून घ्या, उघडून बघा, मग विंडोजमधल्याच डिस्कपार्ट या आदेशात त्या डिस्कचा नंबर दोनदा तपासून ‘क्लीन ऑल’ चालवा. ५०० जीबीला काही तास लागतात, रात्री लावून ठेवा. त्यानंतर सेक्टर चांगले असतील तर यूएसबी डबीत घालून बॅकअपला वापरा, खराब असतील तर घणानं तबकडी फोडा.

टास्क मॅनेजरमधले तिन्ही आकडे, दुपारचं प्रोसेसरचं तापमान आणि बोर्डावर छापलेलं पूर्ण मॉडेल कळवा. रॅमची नेमकी कुठली पट्टी घ्यायची ते त्यावरून सांगता येईल.